खंडेनवमीला मेलेला ड्रोन

चहा ओता आधी सगळ्यांना. बिस्किटं इकडे सरकवा, कारण हा किस्सा सांगताना माझं डोकं फिरतं आणि डोकं फिरलं की मला भूक लागते. माणूस किती गाढवपणा करू शकतो? तुम्हाला वाटतं तुम्हाला अंदाज आहे. नाही! माझा किस्सा ऐका, मग बोला.

मी विनायक. झाशीतल्या एका मोठ्या कारखान्यात टेस्टिंगला. माझी सही झाल्याशिवाय तिथून एक नग बाहेर पडत नाही. माझ्या खुर्चीमागे मी स्वतः रंगवून घेतलेली एक पाटी आहे: ‘पहले तार, फिर विचार.’ मतलब, यंत्र चालत नसेल तर आधी वायर बघा, मग अक्कल पाजळा. नवा इंजिनिअर आला की मी त्याला पाटीसमोर उभा करतो आणि मोठ्यानं म्हणायला लावतो. तीनदा! माझ्या हाताखाली रश्मी म्हणून एक फार हुशार इंजिनिअर आहे. तिलासुद्धा सोडलं नव्हतं मी.

हे एवढं ध्यानात ठेवा. पुढे माझीच अब्रू जाणार आहे.

तर ड्रोन हा माझा छंद. माझी बायको वृंदा त्याला ‘आजार’ म्हणते. वृंदा सांगलीची आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडचे. पूर्वज कारभारी म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळे माझ्या बोलण्यात मराठी किती आणि हिंदी किती, हे माझं मलाच कळत नाही. मी कपाटाला ‘फडताळ’ म्हणालो की वृंदा आजही हसते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हसणं काही थांबत नाही!

आणि झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायला आहे आमची कुसुमआत्या. वय चौऱ्याऐंशी. सगळी हयात शाळेत मास्तरीण. सगळं गाव तिला अम्मा म्हणतं आणि अजून पांढऱ्या केसांचे लोक तिला बघून विडी विझवतात. गावाबाहेर टेकडीवर देवीचं देऊळ आहे आणि दसऱ्याला शिखरावर नवी ध्वजा चढवायचा मान आमच्या घराचा. ती ध्वजा आत्या स्वतः शिवते. स्वतः पायऱ्या चढून जाते, नीट लागली की नाही बघते, न लागल्यास चार शब्द सुनावते आणि मगच खाली उतरते. एक वर्ष चुकलं नाही.

यंदा मात्र खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या विसरा.

आत्या ध्वजा शिवत बसली. मला ते बघवेना. आणि मला बघवेना म्हणजे काय होतं? तोंड सुटतं!

“आत्या, तू खाली खुर्चीत बस. मी ड्रोन वर पाठवतो. ध्वजा तुझ्या मांडीवर आणून दाखवतो, टाका न्‌ टाका मोजून घे!”

“खरं?”

“अगं, मी टेस्टिंगचा माणूस आहे!”

झालं. तिनं गुरसरायभर सांगून टाकलं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक, दसऱ्याला अम्मा खुर्चीत बसून देवी पाहणार.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे खंडेनवमीची सकाळ. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. पकड, हातोडी, विळी, सुरी, शिवणयंत्राची कात्री, सगळं. आणि नियम असा की पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलायचं नाही.

मी आपला ड्रोन पुसतपासत होतो. लॅपटॉपला वायर जोडली, तर पडद्यावर सूचना: नवी आवृत्ती आली आहे. ड्रोनचा जो मेंदू असतो ना, तो एक काड्यापेटीएवढा बोर्ड, त्यात भरलेल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. त्याची नवी आवृत्ती.

ड्रोन उत्तम उडत होता. काही एक तक्रार नव्हती. मग मी काय करायला हवं होतं? हात जोडून गप्प बसायला हवं होतं! पण नाही. आत्याला दाखवायचं तर सगळं ताजंतवानं हवं. आ बैल, मुझे मार!

बोर्डाचं नाव निवडायला यादी आली. दोन नावं अगदी जुळी, शेवटच्या एका अक्षराचा फरक. मी चष्मा न लावता एकावर बोट ठेवलं. पट्टी भरत गेली, भरत गेली, पूर्ण झाली. ड्रोननं एकदा डोळा मिचकावला आणि गप्प झाला. लॅपटॉप त्याला ओळखेना. मी चष्मा लावून बघितलं. दुसऱ्याच बोर्डाचं फर्मवेअर!

नेमकी त्याच क्षणी वृंदा परात घेऊन दारात.

“अहो, हत्यारं द्या. मुहूर्त चाललाय.”

“घे! सगळं घे! एक ठेवू नकोस!” मी इतका वैतागलो होतो की मीटर, पेचकस, पकड, हातात होतं नव्हतं ते सगळं तिच्या परातीत टाकलं. ती ड्रोनही मागत होती. म्हटलं, “याची पूजा नको, याचं बारावं कर!”

पूजा झाली. नमस्कार केला. परत येऊन टेबलाशी बसलो.

आता घाबरायचं कारण नव्हतं बरं का. चुकीचं फर्मवेअर गेलं तर उपाय असतो. बोर्डावर तिळाएवढं बटण असतं. ते दाबून धरायचं, दाबलेलंच ठेवून वायर लॅपटॉपला जोडायची, की बोर्ड शुद्धीवर येतो आणि बरोबर फर्मवेअर घेतो. दहा मिनिटांचं काम. टेबलावरची वायर घेतली, ड्रोनला लावली. बोर्डावरचा लाल दिवा लागला. वा! करंट पोचतोय. आता बटण.

पण बटण दाबायला काडी, बोर्ड धरायला एक हात आणि वायर खुपसायला एक हात. तिसरा हात आणायचा कुठून? बोलावलं वृंदाला. तिच्या हातात उदबत्तीची काडी दिली.

“दाबू?”

“दाब!”

“दाबलं. सोडू?”

“सोडू नकोस!”

“किती वेळ धरू? वरणाला फोडणी द्यायचीय.”

“वृंदा, इथे जीवन-मरणाचा प्रश्न आहे!”

“वरणाचाही आहे.”

लॅपटॉप ढिम्म. पुन्हा केलं. पुन्हा ढिम्म. सतरा वेळा केलं असेल. काडी मोडली, दुसरी आणली. खोलीभर चंदनाचा वास आणि ड्रोन मढ्यासारखा पडलेला.

मग मी संशयितांच्या मागे लागलो. लॅपटॉप बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. दुसऱ्या भोकात वायर लावली, तिसऱ्या भोकात लावली. फडताळातून जुना लॅपटॉप काढला. तो चालू व्हायलाच अर्धा तास. त्यातही ढिम्म. मग ज्यानं फर्मवेअर लिहिलं त्याला शिव्या, ज्यानं दोन जुळी नावं ठेवली त्याला शिव्या. बोर्डच जळला असेल का? मोजून बघायला हवं.

“वृंदा, मीटर दे.”

“मीटर पूजेत आहे.”

“म्हणूनच म्हणतोय, काढून दे.”

“पूजेतलं हत्यार आरतीआधी उचलायचं नाही. हे मला सांगलीत कुणी नाही शिकवलं, तुमच्याच आईंनी शिकवलं.”

“अगं, अडलंय माझं!”

“माझंही अडलंय. सुरी पूजेत आहे, विळी पूजेत आहे. भेंड्या हातानं मोडल्या, काही बोलले का मी?”

मी देवघराकडे बघितलं. दोन हातांवर माझं मीटर, कुंकवाचं बोट लावून, झेंडूची फुलं अंगावर घेऊन आरामात पडलेलं. बाकीची हत्यारंही फुलांखाली झाकलेली. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

तेवढ्यात वृंदा पुन्हा, “अहो, माझी चार्जिंगची वायर पाहिलीत का? मगाशी इथेच होती.”

“इथे माझा ड्रोन मेलाय आणि तुला चार्जिंग सुचतंय!”

ती बिचारी दुसरीकडे शोधायला गेली.

शेवटी रश्मीला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन, त्या पोरीनं पहिल्याच रिंगला उचलला. सगळं सांगितलं. बटण दाबतो, दिवा लागतो, लॅपटॉप बघत नाही.

“सर... एक बात पूछें?”

“पूछिए.”

“सर, वो आपने... मतलब आप ख़ुद ही कहते हैं कि...”

“रश्मी जी, मैं बच्चा नहीं हूँ! सब देख लिया है। कुछ काम की बात हो तो बताइए।”

“जी सर. कुछ नहीं सर. हैप्पी दशहरा सर.”

बघा! नवी पिढी! ऐन वेळी उपयोग शून्य! असं मी त्या दिवशी म्हणालो. वृंदा साक्षीला आहे.

मग स्कूटर काढली आणि खंडेराव गेटला गेलो. तिथे मोबाइल दुरुस्तीची एक टपरी आहे. बाकी दुकानं सणाची बंद, पण हा भैया बसलेला होता. मी ड्रोन आणि वायर त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं वायर जोडली, दिवा बघितला, मान हलवली आणि आपल्या खणातून दुसरी वायर काढायला लागला.

“साहब, एक बार अपनी वाली लगा के देखूँ?”

“क्यों भैया? बत्ती तो जल रही है! इसमें तार का क्या देखना? बोर्ड देखो, बोर्ड!”

त्यानं वायर परत खणात ठेवली. गिऱ्हाईक देव असतो ना! मग भिंगातून बोर्ड बघितला, फुंकर मारली आणि म्हणाला, “तो फिर साहब, ये मर गया। चिप गई।”

मर गया. दोन शब्द. मी ड्रोन पिशवीत घातला आणि घरी आलो. दुसरा बोर्ड मागवायचा तर चार दिवस. दसरा उद्या.

आता आत्याला सांगणं भाग होतं. खरं सांगतो, दोनदा नंबर लावून कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

“आत्या, अगं... ड्रोन बिघडला.”

“बिघडला म्हणजे? तू टेस्टिंगचा माणूस ना?”

“दुरुस्त होण्यासारखा नाही गं. मेला.”

मला वाटलं आता तोफ सुटणार. सुटली असती तर बरं झालं असतं! ती अगदी हळू म्हणाली, “असू दे विनू. मी नऊवारी काढून ठेवली होती, ती घालून ठेवते परत घडीत. देवी कुठे जातेय? पोरं सांगतील मला ध्वजा कशी लागली ते.”

आणि फोन ठेवला. सांगा, यापेक्षा तिनं मला कानफटात मारली असती तर चाललं नसतं? मला जेवण गेलं नाही. वृंदानं मोडक्या भेंडीची भाजी पुढे केली, मी ताट सरकवलं. म्हातारीनं वर्षभर एवढी एकच गोष्ट मागितली होती. तीही तिनं मागितली नव्हती, मीच तोंड वर करून कबूल केली होती!

दसरा उजाडला. आंघोळ, आरती, सगळं झालं. मी टाळ्या वाजवत होतो, पण लक्ष कुठेच नव्हतं. आरतीनंतर वृंदा फुलं बाजूला करून एकेक हत्यार उचलायला लागली. फडक्यानं पुसायची आणि माझ्या हातात द्यायची.

“हे तुमचं मीटर. काल केवढा तमाशा केलात त्याच्यासाठी. हा पेचकस. ही पकड.”

मी एकेक घेत होतो.

“आणि ही तुमची वायर.”

निळी, जाड, दीड हाताची वायर. एका टोकाला कुंकू, मध्ये झेंडूची पाकळी चिकटलेली.

मी वायरकडे बघितलं. वृंदाकडे बघितलं. परत वायरकडे.

“ही... ही पूजेत कशी आली?”

“तुम्हीच दिलीत. सगळं घे, एक ठेवू नकोस म्हणालात. ड्रोनमधून उपटून परातीत टाकलीत.”

“मग ती टेबलावरची?”

“कुठली? पांढरी?” वृंदा टेबलाशी गेली आणि ओरडली. “अहो! ही माझी चार्जिंगची वायर! मी काल दिवसभर शोधतेय! फोन बंद पडला माझा!”

मंडळी, चहा खाली ठेवा. काही वायरींतून फक्त करंट जातो. माहिती नेणाऱ्या तारा त्यांच्यात घातलेल्याच नसतात. दिवा लागतो, पण लॅपटॉपला ड्रोनचा एक शब्द ऐकू जात नाही. हे कुणाला ठाऊक असतं? मला! यावर कारखान्यात भाषण कोण देतं? मी!

मी निळी वायर लावली. वृंदानं काडीनं बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, टुंग!

त्या टुंगनं मला आनंद झाला असं वाटतंय तुम्हाला? मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं! या वेळी चष्मा लावला, नाव तीनदा वाचलं, बरोबर फर्मवेअर भरलं. दहा मिनिटांत ड्रोन डोळे मिचकावायला लागला. काल दिवसभर औषध माझ्यापासून दोन हातांवर फुलांखाली पडलेलं आणि मी खंडेराव गेटपर्यंत फिरून आलो!

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” वृंदा म्हणाली.

आत्याला मी फोन केला नाही, माझ्या फोनवरून वृंदानं केला. गाडीत बसलो, वृंदानं त्या पांढऱ्या वायरीनं आपला फोन चार्जिंगला लावला आणि आम्ही तडक गुरसराय गाठलं. टेकडीखाली लिंबाच्या सावलीत खुर्ची मांडलेली, खुर्चीत आत्या, अंगावर नऊवारी. म्हणजे घडीत परत घातलीच नव्हती! आजूबाजूला अर्धं गाव.

ड्रोन उडाला. एक पायरी, दहा पायऱ्या, सगळ्या पायऱ्या खाली गेल्या. ड्रोनचा कॅमेरा बघतो ते दाखवणारा पडदा आत्याच्या मांडीवर ठेवला होता. वृंदा शेजारी उभी राहून आपल्या फोननं तो पडदा टिपत होती, आत्याला पुढेही बघता यावा म्हणून. शिखर आलं. आणि शिखरावर ध्वजा, वाऱ्यावर फडफडणारी.

आत्यानं पडद्याला बोटं लावून नमस्कार केला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. 

मग ती पडद्याच्या जवळ वाकली. “तिरकी बांधलीय मेल्यांनी.”

सगळे हसले. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा. कुठला सुटतोय!

“विनू, काल मेलेला आज जिवंत कसा झाला?”

मी ड्रोन तसाच शिखरासमोर तरंगत ठेवला आणि जरा रुबाबात सुरू झालो. “आत्या, त्याचं असं झालं, फर्मवेअर बिघडलं की बोर्ड आपला परिचय देत नाही, मग त्याला विशेष अवस्थेत नेऊन...”

“वृंदा, तू सांग.”

“वायर चुकीची लावली होती, आत्या.”

अर्ध्या गावासमोर! एका वाक्यात!

आत्यानं हळूच मान वर केली. ती नजर मला तिसरीपासून माहीत आहे. “तुझ्या कारखान्यात तू पाटी लावलीयस ना? मागे मला मोठ्या कौतुकानं सांगितलीस. काय लिहिलंय तिच्यावर?”

“आत्या, जाऊ दे ना...”

“मोठ्यानं.”

“पहले तार, फिर विचार.”

“ऐकू नाही आलं मागच्या बाकापर्यंत.”

“पहले तार, फिर विचार!”

“अजून एकदा. तू पोरांना तीनदा म्हणायला लावतोस ना?”

म्हटलं हो, तिसऱ्यांदाही म्हटलं! बावन्न वर्षांचा माणूस, हातात रिमोट, ताठ उभा! आणि हे सगळं होईपर्यंत वृंदाचा फोन चालूच होता.

आता तो व्हिडिओ आत्याच्या मोबाइलमध्ये आहे. चित्रात देवीचं शिखर आणि तिनं शिवलेली ध्वजा; आवाज माझा. रोज सकाळी पूजा झाली की ती तो लावते, हात जोडून बघते आणि मगच चहा घेते. आवाज बंद कर म्हटलं तर म्हणते, बंद कसा करायचा ते मला येत नाही. येतं! तिला सगळं येतं!

परवा तिच्या शेजारची बाई प्रसाद द्यायला आली. व्हिडिओ चालू होता. तिनंही डोळे मिटून हात जोडले, तीन वेळा होईपर्यंत थांबली, आणि मग आपल्या बुंदेलीत भक्तिभावानं विचारलं, “काय अम्मा, जो कौन सो मंतर आय?”

आत्या म्हणाली, “मंतर नहीं है बहू. मेरा भतीजा है.”